मदत हवी आहे : पनवेलमध्ये भोगवटा प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट घ्यावा का?

सप्रेम नमस्कार. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. मुलीला पनवेलला नोकरी लागल्यामुळे तेथे पुनर्विक्रीतील वन बीएचके पाहिला आहे. मालकांचे नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा) व्यवस्थित आहे, सोसायटीही नोंदलेली आहे. मात्र इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेले नाही आणि जमीन अद्याप बिल्डरच्याच नावावर आहे. शिवाय शयनगृहाच्या खिडकीखाली हात फिरवला तेव्हा ओलसर गिलाव्याचा भुगा बोटांना लागला. विमानतळामुळे दर रोज चढत आहेत, असे सांगून दलाल आठ दिवसांत विसार मागत आहेत. आयुष्यभराची पुंजी अशा घाईत गुंतवणे मला योग्य वाटत नाही.

१९६३ च्या मोफा (महाराष्ट्रातील सदनिका मालकीविषयक) कायद्यातील कलम ११ प्रमाणे सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून दिले नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणे) मिळू शकते, हे मी वाचले आहे. परंतु भोगवटा प्रमाणपत्र नसताना ते प्रत्यक्षात कोणी मिळवले आहे का? अशा घराला राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिल्याचा कोणाचा अनुभव आहे का? विसार देण्यापूर्वी वकिलाकडून शोध अहवालाखेरीज (मालकीहक्काच्या तपासणीखेरीज) आणखी कोणती कागदपत्रे तपासून घ्यावीत, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर कळवावे.