मदत हवी आहे: गळकी वाटणारी जुनी आरव्ही (आत बिछाना-बाथरूम असलेली प्रवासी गाडी) घ्यावी का?
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना यलोस्टोन नॅशनल पार्क दाखवायचंय. आईचे गुडघे दुखतात, वाटेत वारंवार बाथरूम लागतं, म्हणून 2016 सालची 25 फुटी क्लास सी (मध्यम आकाराची) आरव्ही बघितली. गाडी मनात भरली. पण ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याशी कोपऱ्यातलं प्लायवूड दाबलं की मऊ लागतं, कुबट वासही येतो. मालक म्हणतात, जुनी गळती होती, दुरुस्त केली. पाणी भिंतीत मुरलं असेल तर इन्स्पेक्टर लावून बघावी, की सरळ सोडून द्यावी?

शिवाय वीज 30 अँपिअरची, म्हणजे जेमतेम 3600 वॉट. एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर लावता येतो का, की गॅसच बरा? यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये हूकअपची (वीज-पाण्याच्या जोडणीची) जागा मिळाली आहे. मालकांना रविवारपर्यंत कळवायचंय. कुणी अशी गाडी घेतली असेल तर कृपया सांगा.