सांगली: रूममेट स्वतःला जखमा करून घेते, कुणाकडे न्यावं?

विश्रामबाग_रूम: एमएस्सीला आहोत, खोली घेऊन राहतो. मैत्रीण भर मे महिन्यात फुल बाह्या घालायची. परवा कपडे पिळताना बाही वर सरकली. जुन्या-नव्या जखमा. म्हणाली, "मरायचं नाहीये गं, तेवढ्यापुरतं डोकं शांत होतं." घरी सांगू नको म्हणते. कुणी चांगलं सुचवा. एका वेळचे 500 च्या आत.

वाईकर: आधी घरी कळव. उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल. पोलीस केसही होते.

कृष्णाकाठ: पुण्याचे समुपदेशक ऑनलाइन घ्या. माझ्या मुलाला खूप फरक पडला. तासाला 1500, पण माणूस सोनं.

मिरजेची_मावशी: 500 म्हणतेय ती, वाचा तरी! मी नर्स आहे. मिरज सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत दाखवा. "जीव द्यावासा वाटतो का?" हे तिला सरळ विचार. विचारल्याने डोक्यात भरत नाही. शपथा घालू नकोस, मोडली की लपवायला लागते. ताज्या जखमेला ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बघ.

सर_सातारा: कॉलेजात शिकवतो. लक्ष वेधायला करतात मुली. घरी कळवा.

ओगलेवाडी९८: सर, लक्ष वेधायचं तर मे महिन्यात फुल बाह्या कशाला? मी मुलगा असून केलंय. "मारामारीत लागलं" म्हटलं की खपायचं. आतली घालमेल उतरते म्हणून सवय पडते. मला डीबीटीने (तीव्र भावना आवरायला शिकवणारी बोलण्यातून उपचाराची पद्धत) फरक पडला. ऊर्मी आली की तोंडावर गार पाणी मारायचं, वेळ पुढे ढकलायची.
वाईकर, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 बघा. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूसही तीव्र तणावात होता असंच धरतात, शिक्षा नाही. हिचा तर तो प्रयत्नही नाही.

वाईकर: कायदा राहू दे, आईबाप आहेत ना?

मिरजेची_मावशी: टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

विश्रामबाग_रूम: सगळ्यांचे आभार. सिव्हिलला ओळखीचं कुणी भेटेल म्हणून ती नको म्हणते, मीही रेटणार नाही. रात्री जेवून दोघी 14416 लावतोय, स्पीकरवर. घरी तीच सांगेल, आधी मोठ्या बहिणीला. मावशी, विचारलं. नाही म्हणाली. कधी "हो" आलं तर मात्र तिला न विचारता घरी फोन करेन आणि सिव्हिलला नेईन, हे तोंडावर सांगितलंय.