गेटिसबर्ग, 2 जुलै 1863: बिगेलोने तोफा जुंपून निघायला हवं होतं का?

रंजक
अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या या लढाईत उत्तरेकडून लढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या 9व्या बॅटरीचं (तोफांच्या तुकडीचं) कौतुक नेहमी वाचायला मिळतं. स्वयंसेवकांचा तोफखाना, 6 बारा-पौंडी नेपोलियन तोफा, 104 माणसं आणि बॅटरी म्हणून ही पहिलीच लढाई. व्हीटफील्ड रस्त्यालगत ते उभे होते. शेजारच्या पीच ऑर्चर्ड या फळबागेतली उत्तरेची फळी फुटल्यावर कॅप्टन जॉन बिगेलोने तोफा घोड्यांना न जुंपता दोराने ओढत, मारा करत करत सुमारे 400 यार्डांवर ट्रॉसलच्या शेतघरापर्यंत मागे नेल्या. तिथे 4 तोफा शत्रूच्या हाती गेल्या, 28 माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, 88 पैकी 80 घोडे मेले वा निकामी झाले. माझ्या मते हा निव्वळ हट्ट होता. रस्त्यावरूनच तोफा जुंपून निघाले असते तर सहाही वाचल्या असत्या. नियमित फौजेच्या मुरलेल्या अधिकाऱ्याने वेळीच काढता पाय घेतला असता.

तोफगाडा
पूर्ण असहमत. आधी जुंपणं म्हणजे काय ते बघा. लिंबर म्हणजे दारूगोळ्याच्या पेटीचा दुचाकी पुढचा गाडा. त्याला घोड्यांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीच्या डाव्या घोड्यावर एक स्वार. मारा थांबवायचा, सहा घोडे वळवून आणायचे, तोफेचं शेपूट उचलून त्याचं कडं लिंबरच्या आकड्यात घालायचं, मग निघायचं. तेवढा वेळ तोफ मुकी, आणि निघाल्यावर तोंड उलटीकडे. डावीकडून दक्षिणेच्या फौजेतल्या जनरल केर्शॉच्या दक्षिण कॅरोलिनाचे टिपणारे नेमबाज येत होते, उजवीकडून जनरल बार्क्सडेलचे मिसिसिपीवाले. टिपणारे घोड्यांवरच नेम धरतात. एक घोडा साजासकट कोसळला की साज कापेपर्यंत बाकीचे पाच जागीच अडकून पडतात. सहा जोडसंच म्हणजे 36 घोडे मोकळ्या शेतात पाठ फिरवून उभे. एक तरी तोफ निघाली असती का?

दोराची पद्धत वेगळी आहे. आठेक मीटरचा जाड दोर शेपटापासून लिंबरच्या आकड्यापर्यंत. तोंड शत्रूकडेच राहतं. बार काढला की धक्क्याने तोफ आपोआप मागे सरकते, घोडे दोर ताणून तिला आणखी ओढतात, थांबतात, तोवर गोलंदाज चालता चालता पुढची तयारी करतात. गाड्यासकट टनभर वजन असल्याने धक्काही फुकट जात नाही. डावीकडच्या दोन तोफांनी कॅनिस्टर (गोळ्यांनी भरलेले डबे) झाडून टिपणाऱ्यांना दूर ठेवलं, उरलेल्या चार बार्क्सडेलवर भरीव गोळे टाकत राहिल्या. तोफ आणि घोडे यांच्यामध्ये दोराची लांबी आणि धुराचा पडदा, हाही एक फायदाच.

रंजक
दोराचा मुद्दा पटला. पण मग ट्रॉसलच्या कुंपणापाशी थांबायचं कारण काय? तिथून तरी जुंपून जायचं होतं.

प्लमरन
ते जुंपायलाच लागले होते, तेवढ्यात बिगेलोचा वरिष्ठ, तोफखान्याचा अधिकारी मॅकगिलव्हरी आला. मागे प्लम रन ओढ्याच्या पलीकडे पायदळच नव्हतं, मोठं खिंडार पडलेलं. तिथे तोफांची नवी ओळ लागेपर्यंत कुठल्याही किमतीवर धरून ठेवा, हा त्याचा हुकूम. बिगेलोपुढे निवड उरली नव्हती. आणि ‘मुरलेला नियमित अधिकारी’ म्हणताना एक विसरता: मॅकगिलव्हरी स्वतः स्वयंसेवक, मेन राज्याच्या 6व्या बॅटरीतून वर आलेला, त्याआधी जहाजाचा कप्तान. उलट त्याच संध्याकाळी त्याच नव्या ओळीतली वॉटसनची बॅटरी, नियमित फौजेच्या 5व्या तोफखान्याची ‘आय’, बिगेलोवर चालून आलेल्या बार्क्सडेलच्याच 21व्या मिसिसिपी पलटणीने घेतली. न्यूयॉर्कच्या 39व्या पलटणीने ती परत मिळवून दिली. मग हट्टाचा आणि अननुभवाचा दोष एकट्या बिगेलोच्या माथी का?

कुंपण
हुकुमाचं मान्य, पण जागा वाईटच होती, हे रंजक यांच्या बाजूने सांगायला हवं. दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात सहा तोफा दाटीवाटीने. समोर थोड्याच अंतरावर जमिनीचा उंचवटा, त्यामुळे शत्रू दिसतो तो अंगावर आल्यावरच. मोठे धोंडे असल्याने तोफा फिरवायला जागा नाही आणि बाहेर पडायला एकच फाटक. बिगेलोने दारूगोळा पेट्यांतून काढून तोफांशेजारी रचायला लावला. वेग वाढतो खरा, पण तोफेतून उडालेली एक ठिणगी त्या ढिगात पडली तर काय होईल!

अशा घाईत बिघडतं ते तिसऱ्या गोलंदाजाच्या अंगठ्यापाशी. पहिला गजाने ठासत असताना तिसऱ्याने चामड्याची टोपी चढवलेला अंगठा तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रावर, घट्ट दाबायचा. वारा कानातून सुटला तर आतला निखारा फुलतो, दारू अवेळी पेटते, आणि गजावर असलेले पहिल्याचे हात जातात. कान तापला की चामडं जळतं, अंगठा भाजतो, तरी उचलायचा नाही. दुहेरी कॅनिस्टर भरायचं तर दुसऱ्या डब्याची दारूची पिशवी चाकाच्या तुंब्यावर आपटून तोडायची. एका डब्यात 27 लोखंडी गोळ्या, म्हणजे एका बाराला 54. पेटीत 32 बार, त्यातले कॅनिस्टर फक्त 4. असं हे काम पहिल्याच लढाईत जवळपास अर्धा तास चाललं. फेब्रुवारी 1863 मध्ये ताबा घेतल्यापासून बिगेलोने जी कडक कवायत घेतली, ती इथे कामी आली. तरी जागेचं गणित चुकलेलंच.

प्लमरन
जागा त्याने निवडलेली नव्हती, दोर ताणत तो जिथे पोचला होता तिथेच हुकूम आला. आणि फाटकाचं म्हणाल तर लेफ्टनंट मिल्टनने डावीकडच्या दोन तोफा काढल्याच. एक फाटकात उलटली, ती माराखालीच सरळ केली. दुसरी वरचे दगड पाडून थेट कुंपणावरून नेली.

रंजक
नियमित फौजेबद्दलचं विधान मागे घेतो, वॉटसनचं उदाहरण पुरेसं आहे. पण चार तोफा गेल्या हे नुकसानच, त्यावर ठाम आहे.

तोफगाडा
गेल्या, पण किती वेळ? मिसिसिपीवाल्यांना त्या ओढून नेता आल्या नाहीत, कारण जुंपायला जिवंत घोडे उरले नव्हते. त्याच रात्री त्या परत आल्या.