प्रति: मुलांना घेऊन कायम कॅराव्हॅनमध्ये, गोव्यात कुठे थांबायचं?

पोरांचा अभ्यास सकाळी गाडीतच उरकायचा नि मग दिवसभर बाहेर, हे वरच्या पोस्टमधलं एकदम मान्य, पण 'गोव्यात काय, कुठल्याही बीचवर गाडी लावा आणि बाहेर शेगडी मांडून खुशाल राहा' हे वाचून राहवलं नाही. अहो, 2019 पासून इथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा एकट्याला 2000 आणि ग्रुपला 10,000 दंड ठेवला होता, आणि वाळूत गाडी घालणं तर त्याहून वाईट (दर सीझनला कोण ना कोण रुततोच, आम्ही बघायला जातो). त्यापेक्षा आत या, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांकडे, मुलांना खरं जंगल तिथे दिसेल.

आणि एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही, ती म्हणजे फेरीबोट. चोडण बेटावर सालिम अली पक्षी अभयारण्य बघायला रायबंदरहून फेरीतून जातात, पण आमचा मावसभाऊ त्याची लांबडी व्हॅन घेऊन आला तेव्हा नेमकी ओहोटी होती, पाणी उतरलं की धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि खाली शेवाळ, पुढची चाकं बोटीवर चढली नि मागचा बंपर खर्रर्र करत काँक्रीटला घासला, पोरं आतून टाळ्या पिटतायत! लांब गाडी असेल तर भरती बघून जा, नाहीतर गाडी अलीकडे ठेवून चालत चढा. आणि हो, बोंडल्याचं झू गुरुवारी बंद असतं.