जुन्या लॅटिन नोंदी वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या छोट्या धर्मग्रामाची (पॅरिशची) स्मरणिका काढतोय. फादरांनी स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) जुन्या वह्या ऑफिसात बसून बघायची परवानगी दिलीय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक चर्चची जागतिक सभा, १९६२-६५) आधीच्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, त्यात संक्षेप फार. समासात पुढे झालेल्या लग्नाची नोंद असते, म्हणजे इथली लेक कुठल्या गावी नांदायला गेली तेही कळतं! हे सगळं आमच्या म्हाताऱ्या माणसांना वाचायला मिळावं, अशी मनापासून इच्छा आहे.

या संक्षेपांचा अर्थ कुणाला लागतो का? शिवाय १९९८ पूर्वी वसई मुंबई महाधर्मप्रांतात (आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) होती. तेव्हाची कागदपत्रं बघायची तर अर्ज कुणाकडे करायचा?