मदत हवी आहे: हायब्रीड पपईचं घरचं बी लावलं, त्यात नर झाडं निघाली. पुढच्या वर्षी बचत गटाला रोपं देऊ का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यात आमचं छोटं शेत आहे. पपईबद्दल अडले आहे आणि मला एकटीला निर्णय घेता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून तैवान ७८६ ची बारा रोपं आणली होती. झाडं अडीच फुटांवरच फळायला लागली. फळं दीड-दोन किलोची, आतून लालसर आणि खूप गोड. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना दोन फोडींवर थांबवावं लागायचं. शेजारच्यांनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी खाल्ली आणि प्रत्येकाने बी मागितलं. मग मीही धरलं. सगळ्यांत चांगली दोन फळं निवडली, दोन वेगवेगळ्या वाट्यांत बी वाळवलं आणि चिठ्ठ्या लावल्या.

जानेवारीत गादीवाफ्यावर टाकलं तर तीन आठवडे काहीच उगवलं नाही. आईने फोनवर सांगितलं, बियांभोवतीची बुळबुळीत पिशवी निघाली नसेल, राखेत चोळून काढ. उरलेलं बी राखेत चोळलं, धुतलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं आणि पिशव्यांत टोकून चुलीच्या खोलीत ठेवलं. पंधराव्या दिवशी माना वर आल्या. मग बरीच रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडली. पाणी कमी केलं, ट्रायकोडर्मा (रोपांची मर रोखणारी उपयोगी बुरशी) घातलं, तेव्हा कुठे थांबलं. शेवटी ५८ रोपं हाती लागली. मार्चअखेर दोन गुंठ्यांत सहा बाय सहा फुटांवर लावली.

आता श्रावण चालू आहे आणि सगळ्यांना फुलं आली आहेत. सात झाडांना मात्र हातभर लांब, फाटे फुटलेले, खाली लोंबणारे फुलोरे आलेत. बारीक पांढरी फुलं झुपक्याने येतात आणि गळून जातात. सासरे म्हणाले, ही नर आहेत. मूळच्या बारा झाडांत एकही नर नव्हतं, मग ही आली कुठून?

हा प्रश्न मला टोचतो आहे त्याला कारण आहे. आमच्या बचत गटातल्या सात जणींना पुढच्या हंगामात प्रत्येकी पाच रोपं द्यायचं मी कबूल केलंय. त्यांच्याकडे परसात तेवढीच जागा आहे. सहा महिने पाणी घालून हाती नर झाड आलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?

१. नर झाडं आत्ताच काढू का?
२. बाकीच्या झाडांची फळं आईच्या झाडासारखीच निघतील का?
३. याच झाडांचं बी पुढे वापरू का, की नको?

---

गच्चीबाग

ताई, तुमची चिकाटी आवडली. मी ठाण्यात ड्रममध्ये पपई लावते. हायब्रीडचं बी धरू नये असं सगळे सांगतात, पण का ते कुणी नीट सांगत नाही. मीही उत्तराची वाट बघते.

---

आजोळ

आमच्या आजोळी नर पपईच्या बुंध्यात खिळा ठोकायचे, की ती फळायला लागते. एका झाडाला खरंच फळं लागली होती, मी लहानपणी पाहिलंय. काढण्याआधी करून बघा.

---

शहाद्याचा पपईवाला

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पपईचं क्षेत्र मोठं आहे, माझी स्वतःची चार एकर आहे. ताई, खिळा ठोकू नका. जखमेतून बुंधा कुजतो आणि या पावसात तर हमखास. काही नर झाडं हवामान बदललं की आपोआप दोन-चार फळं धरतात. तेव्हा खिळा ठोकलेला असला की श्रेय खिळ्याला जातं.

कुऱ्हाड उचलण्याआधी एक गोष्ट बघा. उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाची, म्हणजे ज्याच्या एकाच फुलात केसर आणि फळाची गाठ दोन्ही असतात त्याची, फुलंसुद्धा नरासारखी होतात. आतली फळाची गाठ बारीक राहते आणि फूल गळतं. नवखा माणूस ते नर समजून तोडतो आणि चांगलं झाड गमावतो. ओळख फुलोऱ्याच्या देठावरून करायची. देठ आखूड आणि फुलं पानाच्या बेचक्यात चिकटून असली तर झाड ठेवा, पाऊस पडला की फळं धरतील. देठ हातभर लोंबत असेल आणि फुलांचा घोस असेल तर ते नर.

आणि मला एक सांगा. ज्या दोन फळांचं बी धरलं ती गोल होती की लांबट? आणि सात नर दोन्ही वाट्यांच्या रोपांत आहेत की एकाच?

---

कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रश्न वाचून छत्री घेऊन रानात गेले आणि प्रत्येक झाड पुन्हा बघून आले. वही समोर ठेवून लिहिते.

एक फळ लांबट होतं, दुसरं गोल. गोल फळ सगळ्यांत मोठं म्हणून घेतलं होतं.

लांबट फळाची ३० झाडं: त्यांत १९ झाडांच्या फुलांत पिवळे केसर आणि मधे लांबुळकी गाठ आहे, ११ झाडांच्या फुलांत केसर नाहीत, नुसती गोल गाठ. नर एकही नाही.

गोल फळाची २८ झाडं: १३ मादी, ८ केसरवाली आणि ७ नर.

सातही नर गोल फळाच्याच ओळीत आहेत. देठ मोजला, दीड-दोन फूट लोंबतोय.

---

निवृत्त मास्तर

मी कृषी विद्यालयात फळबाग शिकवायचो. सूनबाईंनी वहीत जे लिहून ठेवलंय ते पाहून मला फार आनंद झाला. चिठ्ठ्या लावल्या नसत्या तर याचं उत्तर कुणालाच देता आलं नसतं.

पपईत झाडाचे तीन प्रकार असतात: नर, मादी आणि उभयलिंगी. हे कसं ठरतं ते १९३८ साली हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या दोघांनी स्वतंत्रपणे उलगडलं. सोप्या भाषेत सांगतो. मादीकडे 'म' आणि 'म' असे दोन घटक असतात. नराकडे 'म' आणि 'न', उभयलिंगीकडे 'म' आणि 'उ'. ज्या बीजात 'म' अजिबात नाही, म्हणजे 'उ-उ' किंवा 'न-न' किंवा 'न-उ', ते बीज जगतच नाही.

आता तुमचा लांबट फळाचा गट घ्या. लांबट फळ उभयलिंगी झाडाचं. त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. चार शक्यतांपैकी 'उ-उ' मरतं, उरलेल्या तिनांत दोन उभयलिंगी आणि एक मादी. तीस झाडांत वीस-दहा यायला हवीत, तुमची एकोणीस-अकरा आली. त्यात 'न' आलाच नाही, त्यामुळे नर निघण्याचा प्रश्नच नव्हता.

गोल फळ मादी झाडाचं. मादीला स्वतःचे केसर नसतात, पराग बाहेरूनच यावा लागतो. तो तुमच्याच उभयलिंगी झाडांचा असता तर निम्मी मादी आणि निम्मी उभयलिंगी निघाली असती. नर निघालेत, म्हणजे 'न' बाहेरून आलाय. पपईचा पराग वारा आणि संध्याकाळी फिरणारे पतंग नेतात. आसपास बांधावर, विहिरीपाशी कुणाची गावठी पपई आहे का, ती शोधा.

---

कृष्णाकाठ

मास्तर, अंगावर काटा आला. आमच्या विहिरीच्या पलीकडे चुलत सासऱ्यांच्या बांधावर आपोआप उगवलेली उंच पपई आहे. कधी फळत नाही म्हणून तिला सगळे वांझोटी म्हणतात. तिचे फुलोरे आज पहिल्यांदा नीट बघितले. अगदी असेच लोंबते आहेत.

म्हणजे माझ्या गोल फळातल्या काही बियांचा बाप ती गावठी पपई. आणि मी मोठं फळ म्हणून नेमकं तेच बी निवडलं.

---

शहाद्याचा पपईवाला

बरोबर. आता सरळ सांगतो. सातही नर काढून टाका. ज्या बागेत नुसती नर आणि मादी झाडं असतात तिथे दहा माद्यांमागे एक नर ठेवावा लागतो. तुमच्याकडे २७ उभयलिंगी आहेत, पराग भरपूर आहे.

गोल ओळीतल्या माद्या ठेवायला हरकत नाही, घरी खायला चालतील. बाजारात मात्र व्यापारी लांबट फळ मागतो. गोल फळात पोकळी मोठी आणि गर पातळ असतो, पेटीतही नीट बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सगळी फळं सारखी निघणार नाहीत. ७८६ हे संकरित वाण आहे. दोन वेगळे, पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखलेले आईबाप घेऊन त्यांच्या संकरातून ते बी दरवेळी नव्याने तयार होतं. त्या पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी असतात. तुम्ही लावली ती दुसरी पिढी. आजीआजोबांचे गुण त्यात पुन्हा सुटे होतात. कुणी उंच वाढेल, कुणी ठेंगणं राहील, कुणाचं फळ गोड, कुणाचं पाणचट. तुमच्या रानात आत्ताच दिसत असेल.

---

कृष्णाकाठ

दिसतंय दादा. लांबट ओळीत काही झाडांना अडीच फुटांवर फूल आहे, तर काहींना चार फुटांवर. मला वाटलं खत कमी-जास्त पडलं.

अजून एक विचारते. ज्या झाडांना आधी फळं धरली त्यातल्या तीन-चार झाडांची कोवळी फळं चुरगळलेली आहेत, खोल खाचा पडलेल्या. आणि कोपऱ्यातल्या एका झाडाची शेंड्याची पानं आक्रसून दोऱ्यासारखी झालीत, देठावर तेल लागल्यासारख्या हिरव्या रेघा आहेत.

---

निवृत्त मास्तर

चुरगळलेली फळं उभयलिंगी झाडांवरच असतील. पावसाळी गारवा, ओल आणि जास्तीचं नत्र मिळालं की केसर फळाच्या गाठीला चिकटून वाढतात आणि फळ असं वेडंवाकडं होतं. युरिया दिला असेल तर आता थांबवा. ती फळं तोडून टाका. मात्र ज्या झाडावर ती वारंवार येतील त्याचं बी कधीही धरू नका, हा कल उतरतो.

कोपऱ्यातलं झाड मात्र आजच उपटा. हा रिंगस्पॉट विषाणू दिसतो. फळांवर गोल गोल चकत्या उमटतात म्हणून ते नाव. यावर औषध नाही. मावा ही बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर बसतो आणि क्षणात रोग नेतो. तैवान वाण थोडं सहन करतं, पण सुटत नाही. झाड मुळासकट काढून जाळा. जवळ भोपळा, काकडी, दोडका लावला असेल तर तोही दूर न्या, त्या वेलांवरही हा विषाणू राहतो.

---

कृष्णाकाठ

दोडक्याचा मांडव अगदी लागूनच आहे. झाड उपटलं आणि पाऊस असल्यामुळे गोठ्यामागच्या पत्र्याखाली रचून पेटवलं. गोल ओळीतली मादी होती. मांडव या आठवड्यात मोडते.

आता राहिला बचत गटाचा प्रश्न. सात जणींची पस्तीस रोपं.

---

शहाद्याचा पपईवाला

माझं मत: पैसे घेऊन देणार असाल तर तुमच्या झाडांचं बी देऊ नका. सात जणींनी वर्गणी काढून नवीन हायब्रीडचं एक पाकीट आणावं. महाग वाटतं, पण पस्तीस रोपांत वाटलं की झेपतं. रोपं तुम्ही तयार करा. राखेपासून ट्रायकोडर्मापर्यंतची तुमची पद्धत चांगली आहे, तुमची खरी कमाई तीच आहे.

---

निवृत्त मास्तर

दादांशी बाजारापुरता सहमत. परसात घरी खायला लावायचं असेल तर दुसरा मार्गही आहे. ज्या जाती सरळ वाणाच्या, म्हणजे संकरित नसलेल्या आहेत आणि उभयलिंगी आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का सूर्या' आहे, सनराइज सोलो आणि पिंक फ्लेश स्वीट यांच्यापासून काढलेली, लाल गराची. कोईमतूरच्या विद्यापीठाची 'को-७' आहे. त्यांत मादी आणि उभयलिंगी एवढेच प्रकार निघतात, आणि पिढीगणिक फारसं बदलत नाही. गावठी परागापासून तेवढं जपावं लागतं.

ते जपायचं कसं ते सांगतो. चांगल्या उभयलिंगी झाडाची कळी उमलायच्या एक-दोन दिवस आधी तिच्यावर बटरपेपरची पिशवी बांधायची. गाठ फुगायला लागली की पिशवी काढायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. त्याच फळाचं बी धरायचं. फळ झाडावरच पिवळं होऊ द्या. बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेका. राखेत चोळून सावलीत वाळवा आणि त्याच हंगामात पेरा. पपईच्या बियांची उगवण लवकर कमी होते.

एका खड्ड्यात दोन रोपं लावायला सांगा आणि फूल आलं की उभयलिंगी ठेवून दुसरं कापा. तीनात दोन उभयलिंगी निघतात, म्हणजे एका खड्ड्यातली दोन्ही रोपं मादी निघायची शक्यता नवातली एक. त्यामुळे परसातल्या बाईचे सहा महिने सहसा वाया जात नाहीत.

---

गच्चीबाग

पिशवी पावसात टिकते का?

---

निवृत्त मास्तर

भिजून फाटते. चार दिवस उघडीप असेल तेव्हाच बांधा, किंवा वरून पानाचा आडोसा द्या.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

सातही नर आज सकाळी काढले. सासरे स्वतः कोयता घेऊन आले. काल गटाची बैठक होती, तिथे वही नेली आणि गोल फळाची, विहिरीपलीकडच्या झाडाची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं नाराज होतील. पण चौघींना विकायला हवी आहेत, त्यांनी तिथेच पाकिटासाठी वर्गणी काढली. तिघींना घरच्यापुरती हवी आहेत, त्या अर्का सूर्यासाठी थांबायला तयार आहेत. एकीने विचारलं, तुमच्या लांबट ओळीतलं दिलं तर काय होईल? मी सांगितलं, गोड निघेल की पाणचट ते मला सांगता येणार नाही. तरी तिला दोन खड्ड्यांपुरतं हवंय. तिला फुकट देणार आहे.

त्यासाठी लांबट ओळीतली तीन झाडं निवडली आहेत: अडीच फुटांवर फूल आलेली, फळ न चुरगळलेली. हवामान खात्याने रविवारपासून उघडीप सांगितली आहे. बटरपेपर तालुक्याहून आणून ठेवलाय. चुलत सासऱ्यांकडे विहिरीपलीकडच्या झाडाचं बोलणं बाकी आहे. ते त्यांनी लावलेलं नसलं तरी त्यांच्या बांधावरचं आहे, म्हणून विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

मास्तर, एकच शंका. एका झाडावर किती कळ्यांना पिशवी बांधू?

---

निवृत्त मास्तर

चार बांधा. दोन गळतील, एक पाखरं खातील, एक तुमच्या हाती येईल. एका फळात शेकडो बिया असतात.