प्रौढांच्या वर्गात सगळ्यांना एकच पाठ का?

सायंवर्ग (मूळ मुद्दा):
उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, १५ वर्षांपुढच्या सगळ्या निरक्षरांसाठी आहे. चाचणी एकच: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. ती असू दे. पण शिकवणंही एकच का? आमच्या वस्तीत तेविशीतली नवी सून, पंचेचाळिशीचे गवंडीकाका आणि सत्तरीच्या आजी एकाच सतरंजीवर बसतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननं १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटचे तीन मोठ्यांचे: तरुणपणी जवळीक की एकटेपण, मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काही उभं करणं की साचून जाणं, उतारवयात जगल्याचं समाधान की हताशा. पाठ यावरून आखावेत, असं माझं ठाम मत आहे. सुनेला माहेरी स्वतः मेसेज लिहायचाय, तिथून सुरू करा. काकांना ब्रास (वाळू-खडीचं माप) आणि मजुरीचा हिशेब द्या, आणि तो हाताखालच्या पोराला समजावायला लावा. आजींच्या ओव्या फळ्यावर लिहा, त्याच त्यांना वाचू द्या.

कडूनिंब:
अजिबात पटलं नाही. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि अडतिशीत नातवंडं आली, ती बाई कुठल्या टप्प्यात बसवणार? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. तिथल्या पोरीला जवळीक की एकटेपण, हे कोण विचारतं? आणि आजींना ओव्याच का? ओव्या त्यांना पाठ आहेत. माझ्या शेजारच्या आजींचे श्रावणबाळ योजनेचे पैसे नातू काढून आणतो, किती काढले ते सांगत नाही. त्यांना एटीएमचा पिन स्वतः टाकायचाय. म्हातारपण म्हणजे मागे वळून बघणं, हे आपणच ठरवून मोकळे होतो.

फळाखडू:
मी स्वयंसेवक आहे, बिनपगारी. बायका भांडी उरकून येतात, हातात जेमतेम तास. तीन टप्प्यांचे तीन पाठ बनवणार कोण? जोडाक्षरं तर सगळ्यांनाच अडतात.

मुरबाडकर:
आमच्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव बघा. ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर गुरुजींनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली, फक्त साठीपुढच्या बायकांसाठी. वर्ग दुपारी, कामं आटोपल्यावर. आज्यांना पोथी वाचायची होती, म्हणजे ओव्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण मला मोठं वाटतं ते वेगळंच: शेजारी सूनबाई भराभर वाचत नसल्यामुळे आजी चुकायला घाबरत नाही. टप्पे राहू द्या, पण गट तरी वेगळे करा.

गोदाकाठ:
हे टप्पे अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाचे. शेतमजुराला ‘मी कोण’ या प्रश्नाला सवड असते का?

सायंवर्ग:
@गोदाकाठ, एरिक्सन अमेरिकेतच थांबला नाही. १९१८ चा अहमदाबादचा गिरणी संप आणि त्यातले गांधीजी यांवर त्यानं १९६९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. पन्नाशीजवळचा माणूस इतरांची जबाबदारी अंगावर कशी घेतो, हाच त्याचा विषय. आणि मजुराला सवड नसते म्हणून प्रश्नही नसतो, हे मला मान्य नाही.
@कडूनिंब, टप्पा म्हणजे जन्मसाल नव्हे. तुमची अडतिशीतली आजी नातवंडाचा अभ्यास घ्यायला शिकत असेल, तर तिला मधल्या टप्प्याचा पाठ द्या. पिनची गोष्टही टप्प्याबाहेरची नाही. स्वतःच्या पैशावर स्वतःचा हात असणं, यातच म्हातारपणाचा मान आहे.

कडूनिंब:
मग सरळ बाईलाच विचारा, तुला काय वाचायचंय. एरिक्सन मध्ये कशाला?

सायंवर्ग:
कारण विचारलं की बहुतेक जणी एवढंच म्हणतात, “सही यायला पाहिजे.” अंगठा द्यायची लाज आयुष्यभर सोसली, त्यापलीकडे काही मागता येतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. ती बोलत नाही तेव्हा तिच्या मनात काय असू शकेल, याचा अंदाज शिकवणाऱ्याला हवा.

कडूनिंब:
तो अंदाजच मला नको. सही मागितली तर पहिल्याच दिवशी सही शिकवा. मग बँकेची स्लिप, एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, सगळं सतरंजीवर मांडा आणि ती काय उचलते ते बघा. महिना लागला तर लागू दे.

फळाखडू:
हे मात्र माझ्या तासाभरात बसतं. बँकेच्या कोऱ्या स्लिपा उद्याच मागून आणतो.